पैनगंगेअलीकडचा बोर्ड

२ नोव्हेंबर, रविवार. वाडी

वही कॉलेजची आहे. पुढची अकरा पानं मशीन डिझाइनची. ती फाडली नाहीत, मागून लिहायला घेतली.

मी कॉलेज काहून सोडलं याची तीन कारणं लोक सांगतात. खरं एकच आहे. प्रॅक्टिकलला सरांनी माझ्या वर्गातल्या मेघाला सगळ्यांसमोर म्हटलं की तुला मिक्सरच्या पुढचं मशीन कळणार नाही. मी उठून उभा राहिलो. नुसता उभा राहिलो असतो तर निभलं असतं, पण मी सरांची फाइल तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकली. माफीपत्र मागितलं, मी दिलं नाही. मेघा तेव्हा म्हणाली होती, "तुले कोणी सांगितलं होतं?" घाबरली होती, म्हणून तसं म्हणाली. मनातून तिला बरंच वाटलं असणार.

त्याला पावणेदोन वर्षं झाली. मेघा पास होऊन जुलैपासून हैदराबादच्या एका कंपनीत आहे. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं, म्हणून मी इंदोऱ्याचं घर सोडून इथे वाडीत, गोदामांच्या मागे खोली घेतली. ट्रकवर कामाला लागताना ट्रान्सपोर्टवाल्याने विचारलं, रूट कोणता पाहिजे. मी म्हटलं, हैदराबाद. माझे उस्ताद मारोतराव, तीस वर्षांपासून गाडी चालवणारा माणूस, पान लावता लावता थांबले.

"हैदराबादले काय पुरून ठेवलं बे तू?"

मी सांगितलं नाही. त्यांना पहिल्याच ट्रिपला कळलं.

मेघाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा फोटो नाही. पैनगंगेचा पूल ओलांडून आपल्या हद्दीत आलं की जुन्या रस्त्याच्या कडेला सिमेंटचा एक बोर्ड आहे, 'महाराष्ट्र राज्यात आपले स्वागत आहे', त्याचा आहे. एकदा म्हणाली होती, तो दिसला की घर आलं असं वाटतं. तेव्हापासून मी त्या बोर्डाला आपला मानतो.


५ नोव्हेंबर, बुधवार. परतीच्या रस्त्यावर

काल हैदराबादला माल उतरवला आणि दुपारी तलावाजवळ मेघाची वाट पाहिली. तिला मीटिंग निघाली. दीड तास काय करणार, त्यांचं सचिवालय पाहिलं. पांढरंशुभ्र, घुमटांवर घुमट, समोर कारंजी, लोक फोटो काढतात. चांगलं आहे, खोटं काहून बोलू. पण ते पाहताना मला आपलंच विधानभवन आठवत होतं. सिव्हिल लाइन्समध्ये झाडांच्या आड बसलेलं, फारसं उंच नाही, कोणाला दाखवायला म्हणून बांधलेलं नाही. वर्षाचे अकरा महिने झोपतं आणि डिसेंबरात अख्खं सरकार त्याला उठवायला येतं. जवळच झिरो माइल. कुठून कुठे किती मैल, हे इंग्रजांनी तिथून मोजलं. घुमट कोणीही बांधेल.

आज सीमेवरच्या धाब्यावर जेवायला थांबलो. त्यांच्या बाजूला केवढी तरी कमान, रंगीत. आपल्याकडे हायवेवर हिरवी पाटी आहे, पण तशी पाटी देशभर सारखीच. खरा बोर्ड तो जुना, धाब्याच्या बाजूचा. जवळ जाऊन पाहिला. पिवळा रंग उन्हाने पांढरा पडला, अक्षरं फिकी, 'स्वागत'वर कोणीतरी ट्यूशन क्लासचं पत्रक चिकटवलं होतं, ते मी ओरबाडून काढलं. उजव्या कोपऱ्यात खाली बोराएवढा निळा ठिपका आहे. रंग सांडला असेल.

शेजारच्या खाटेवर आदिलाबादचा एक ड्रायव्हर होता. हसून म्हणाला, "क्या भाई, तुम्हारे राज का स्वागत तो धूप खा गई."

मी म्हटलं, "आमच्या राज्याले राजधान्या दोन आहेत. थंडीत सरकार स्वतः आमच्या दारी येते. तुमचं येते का कुठं?"

तो म्हणाला, येत असेल हो तुमच्या दारी, पण त्या दाराला रंग तरी लावून ठेवा.

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. मारोतरावांनी तो काढून घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. "चाल. गाडीत बस."

 पांढरकवड्याला ठरवलं. मेघा २९ तारखेला दिवसाउजेडी, कारने घरी येणार आहे. तोवर तो बोर्ड नवा झाला पाहिजे. तिला मेसेज टाकला, 'येताना बोर्ड पाहा, तुझ्यासाठी एक वस्तू आहे.' तिने अंगठा पाठवला.


९ नोव्हेंबर, रविवार

रविवारी आईच्या हातचं जेवायला इंदोऱ्याला जातो. बाबा असतात, बोलत नाहीत. लोक त्यांना प्रेमानंद पेंटर म्हणून ओळखतात. दुकानांच्या पाट्या लिहायचे, त्यांवर कोपऱ्यात 'प्रेम आर्ट्स' असायचं. आता फ्लेक्सने त्या गेल्या. उरलं ते अधिवेशनाचं काम. दरवर्षी नोव्हेंबर आला की विधानभवन, आमदार निवास, मंत्र्यांचे बंगले सगळीकडे रंगरंगोटी निघते आणि ठेकेदार बाबांना अक्षरांसाठी बोलावतो. दर वर्षीचा फोटोवाला पास त्यांनी घरी खिळ्याला अडकवून ठेवलाय, एकावर एक. लहानपणी मी शाळेत सांगायचो, माझे बाबा विधानभवनात असतात. एका पोराने विचारलं, कोणत्या पक्षाचे? मी त्याला मारलं होतं.

बाबा मला आठवड्यात एकच प्रश्न विचारतात, तोही आईकडे पाहून.

"पैनगंगेचा तो बोर्ड आहे का अजून?"

टोमणा आहे. इंजिनिअर व्हायचं सोडून हा रस्त्यावरच्या पाट्या वाचत फिरतो, असा. दर वेळी मी नुसतं 'आहे' म्हणतो. आज डोकं फिरलं होतं. म्हटलं, "आहे म्हणजे काय, मेलेला आहे. कोण्या आंधळ्यानं लिहिला होता काय माहीत. मी रंगवून राहिलो आता तो."

बाबांच्या हातात घास होता. तो खाली ठेवला, उठून हात धुतले. नखातला निळा रंग काही धुतल्याने जात नाही, तरी किती वेळ धूत होते.

आई म्हणाली, "तुले काही समजते का रे बाबू?"

मी काय चुकीचं बोललो? कॉलेजचा राग अजून गेलेला नाही, दुसरं काय.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

झालं. मी केलं.

सकाळी सातला पोचलो. मारोतरावांना धाब्यावर दोन तास झोपायला लावलं आणि डबा फोडला. आधी रोलरने पिवळा ऑइल पेंट सगळीकडे. दहा मिनिटांत जुनी अक्षरं गायब. तो निळा ठिपका मात्र पिवळ्याखालून डोकं काढत राहिला, म्हणून पॉलिश पेपरने घासून उडवला. मारोतराव तोवर उठून आले होते.

"राहू दे ना बे. कोण्या माणसाची निशाणी दिसते."

"निशाणी कसली, ठिपका आहे."

"ठिपका असा गोल पडते?"

अक्षरांसाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचे साचे कापून नेले होते. लाल रंग. 'महाराष्ट्र राज्यात' थोडं चढावर गेलं, पण दुरून असं दिसतं की वाटतं, ओरडून बोलावतंय. ट्रकवाले हॉर्न देऊन जात होते. एका लक्झरीतल्या बाईने हात हलवला. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी पूर्ण केलं.

फोटो मेघाला पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'अरे, जुना कुठे गेला?' मग, 'छान आहे.' मग पुन्हा, 'पण जुना छान होता अंकुश.'

तिला समोरून पाहिल्यावर कळेल.


१७ नोव्हेंबर, सोमवार

तिकडून येताना पाहिला. चार दिवसांत 'स्वागत'चा लाल ओघळून 'आहे'पर्यंत आला होता, कडेने पिवळ्याचे पापुद्रे उठले होते. तो आदिलाबादवाला पुन्हा भेटला असता तर मी ट्रकखाली लपलो असतो.

मारोतराव म्हणाले, "रक्ताचं पत्र दिसून राहिलं." आणि वडनेरपर्यंत एकटेच हसत होते.


१९ नोव्हेंबर, बुधवार

हे नीट लिहितो.

सकाळी आईचा फोन. बाबा चष्मा घरीच विसरले, नेऊन दे. नाही म्हणणार होतो, पण आज गाडी बंद होती. विधानभवनाच्या गेटवर पोलिसाने अडवलं. चष्मा दाखवला. म्हणाला, "प्रेमानंदभाऊचा पोरगा का? आधी काहून नाही सांगितलं." नाव लिहून घेतलं, सोबत एक शिपाई दिला. बाबांचं नाव तिथे पासासारखं चाललं.

मी नागपुरात जन्मलो, त्या रस्त्याने हजार वेळा गेलो, पण आत पहिल्यांदा. बाहेरून जे झोपल्यासारखं वाटतं ते आत गजबजलेलं. बांबू, शिड्या, चुन्याचा वास, माळी, वायरमन, मांडववाले. कमानीखाली सावली अशी थंड की आवाज आपोआप खाली येतो. मला वाटलं होतं, सरकार म्हणजे खुर्च्या. पण खुर्च्यांवर अजून पांढरी कापडं होती. आधी ही माणसं येतात, मग सरकार येतं.

ठेकेदाराने यंदा बहुतेक पाट्या छापूनच आणल्या होत्या. बाबांकडे फक्त वाहनतळाच्या खांबांवरचे आकडे आणि मागच्या बाजूच्या जुन्या लाकडी पाट्या उजळण्याचं काम. स्टुलावर बसले होते. उजव्या हातात ब्रश, आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. मी तिथेच थांबलो. हात थरथरतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला, मी घरी होतो कुठे.

श्वास रोखून त्यांनी 'प्रवेश'ची शेवटची उभी रेघ ओढली. सरळ. सुतात. मग बारीक ब्रश निळ्या रंगात बुडवला आणि पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक ठिपका ठेवला.

मी शेजारची पाटी पाहिली. ठिपका. त्या पलीकडची. ठिपका. खांबावर, ठिपका.

 विचारलं, "बाबा, हे काय असते?"

पावणेदोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा थेट उत्तर दिलं. कामाचं विचारलं म्हणून असेल. "सरकारी बोर्डावर पेंटरनं नाव नाही टाकायचं. दुकानाच्या पाटीवर टाक, इथं नाही. मग आपण ठिपका ठेवतो. निळा काहून, हे तुले सांगा लागते का?"

मग चष्मा पुसत म्हणाले, "पहिला ठिपका पैनगंगेवर ठेवला. चौऱ्याण्णव साली. चोवीस वर्षांचा होतो. भर उन्हात चार दिवस पुलाजवळ राहिलो. एका साहेबानं जाता जाता पाहिला, अक्षर कोणाचं म्हणून विचारलं, अन् त्या हिवाळ्यात मले इथं बोलावलं. माझे बाकीचे बोर्ड सारे गेले, रस्ते रुंद झाले, फ्लेक्स आले. तो एक राहिला."

आत्ता सांगावं असं आलं होतं. नाही सांगितलं. मी, ज्याने सरांची फाइल खाली टाकली, तो चष्मा देऊन पळून आलो.

आंधळ्याने लिहिला म्हणालो होतो मी. त्यांच्यासमोर. जेवताना.


२३ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस भाषण पाठ केलं. घरी गेलो आणि दारातच सगळं ओकलो. बोर्ड रंगवला, जुनी अक्षरं गेली, ठिपका मी स्वतः घासला, माहीत नव्हतं, तुम्ही मारलं तरी चालेल.

बाबा खिडकीजवळ बसले होते.  आई चुलीपाशी उगाच भांडं घासत होती. मग बाबांनी विचारलं,

"प्रायमर मारलं होतं का?"

"नाही."

"जुना रंग घासला होता? पूर्ण बोर्डाचा?"

"नाही. ठिपकाच फक्त."

"पुसला तरी होता का, धूळ झटकून?"

"नाही बाबा."

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. हसत होते. आईकडे पाहून म्हणाले, "ऐक वं, तुझ्या पोराले कामच येत नाही. वाचलो." मग माझ्याकडे वळून, "धुळीवर मारलेला रंग धरत नाही गा. निघते तो. साबुत निघते, पापडासारखा. खालचा तसाच असंन."

मी हरामखोरासारखं काम केलं म्हणून बाबांचं काम वाचलं.  जेवलो, दोनदा वाढून घेतलं.

जाताना बाबा म्हणाले, "गाडी कधी आहे?"


२७ नोव्हेंबर, गुरुवार

मारोतरावांनी आज खिडकीची सीट बाबांना दिली. दोघे हिंगणघाटपर्यंत माझ्याबद्दल बोलत होते, मी जणू नव्हतोच.

"डोकं गरम आहे पोराचं, पण गाडी थंड चालवते," मारोतराव.

"माझ्या घरी तर नुसतं गरमच होतं," बाबा.

हैदराबादकडून परतणारी ट्रिप नव्हती, जातानाच थांबलो. बोर्ड पुलाच्या अलीकडेच आहे. बाबा उतरले. त्या ओघळलेल्या लाल-पिवळ्यासमोर उभे राहिले.  खिशातून पत्र्याची पट्टी काढली, एका पापुद्र्याखाली घातली आणि ओढली. हातभर पिवळा एकदम सुटून आला. खाली फिकट, जुना, शांत 'म'.

मी उन्हाकडे पाठ करून उभा राहिलो. डोळ्यांत रंगाची धूळ गेली होती.

दोन तास तिघांनी मिळून सोललं. मग बाबांनी जुन्याच अक्षरांवर नवा रंग भरायला घेतला. तेव्हा कळलं मी साच्याने काय केलं होतं आणि अक्षर काय असतं. माझी अक्षरं ओरडत होती. ही अक्षरं बसा म्हणत होती, पाणी घ्या म्हणत होती. 'स्वागत'मधल्या प्रत्येक अक्षराला दुसऱ्यापासून किती दूर ठेवायचं हे त्या चोवीस वर्षांच्या माणसाने उन्हात उभं राहून ठरवलं होतं, आणि आजही तिथून एक केस हलवावा असं नव्हतं.

'आपले'पर्यंत हात टिकला. मग ब्रश थरथरायला लागला. डाव्या हाताने धरूनही थांबेना. बाबा शिडीवर तसेच थांबले, रस्त्याकडे पाहत.

मी दुसऱ्या बाजूने चढलो आणि त्यांचं मनगट धरलं.

"घट्ट धर. पण ढकलू नको," बाबा म्हणाले.

ढकललं नाही. ओढणारे तेच होते, मी फक्त थांबवणारा. 'स्वागत' झालं. 'आहे' झालं. ती रेघ ओढली जाताना माझ्या हातातून गेली. इंजिनिअरिंगची सगळी ड्रॉइंगं एकीकडे आणि ही रेघ एकीकडे.

उतरल्यावर त्यांनी बारीक ब्रश माझ्याकडे दिला. "ठिपका तू घासला. तूच ठेव."

ठेवला. थोडा लांबट झाला. मी पुसायला गेलो तर हात धरला. "राहू दे. दोघांचा आहे."

धाब्यावर चहा पिताना, नागपूरला परतायच्या एसटीसाठी रस्त्याकडे बघत बाबा म्हणाले, "तुमचा तो परीक्षेचा फॉर्म असते, त्याले काही तारीख-बिरीख असते का?"

मी म्हटलं, माफीपत्र लिहावं लागंन आधी.

"मग लिही. अक्षर चांगलं काढ."


२९ नोव्हेंबर, शनिवार

परतीची गाडी. मारोतरावांना काही सांगितलं नव्हतं, तरी ते धाब्यावर थांबले आणि म्हणाले, टायर तपासतो. टायर तीनदा तपासले.

दोन वाजता पांढरी कार पूल ओलांडून आली आणि बोर्डाजवळ थांबली. मेघा उतरली. चालवणारा उतरला. तिच्या ऑफिसातला, सुशील. नागपूरचाच आहे, मनीषनगरचा, त्याच्याच कारने येते हे तिने आधी सांगितलं होतं. मी त्याला चांगला माणूस समजलो होतो, म्हणजे आहेही. त्याने उतरून आधी तिच्या बाजूचं दार धरलं आणि तिने त्याच्याकडे न बघता ओढणी त्याच्या हातात दिली, केस बांधायला. न बघता. एवढं पुरे होतं. तीन वर्षांत मला जे समजलं नाही ते एका ओढणीने सांगितलं.

कानशिलं तापली. पाय निघाले. मारोतरावांनी हातातला पाना खाली ठेवला.

मेघाने मला पाहिलं. पळत आली. "अंकुश, हा परत पहिल्यासारखा कसा झाला?"

"बाबांनी केला," मी म्हटलं. "त्यांचाच आहे. चौऱ्याण्णवपासून."

ती बोर्डाकडे बघत राहिली. "इतके दिवस मी तुझ्या बाबांच्या अक्षराचा फोटो लावून फिरत होते?"

हे तिने म्हटलं आणि माझी छाती भरली, राग गेला कुठे कळलं नाही. मग मीच सगळं सांगितलं. उन्हातले चार दिवस, साहेबाने विचारलेलं अक्षर, विधानभवनाचे पास. सुशील मन लावून ऐकत होता. मला भाऊ म्हणाला.

त्याने फोन दिला. "आमचा दोघांचा एक काढता का, बोर्डासोबत?"

मी घेतला. दोघे उभे राहिले, मागे अक्षरं पिवळ्या उन्हात. मी पाहिलं, मग फोन खाली केला.

"थोडं तुमच्या उजवीकडे सरका," सुशीलला म्हटलं. "कोपरा झाकून राहिले तुम्ही."

सरकले. ठिपका आला. मग काढला. तीन काढले, तिन्हींत आला.

वाडीला गाडी लावून खोलीवर गेलो नाही, सरळ इंदोऱ्याला आलो. बाबा जेवत होते. या वेळी आईकडे न बघता विचारलं,

"बोर्ड दिसला का?"

"दिसला बाबा," मी म्हटलं. "पुलाच्या पलीकडून दिसते."